वजनाचा कांटा आणि मनाचा धीर

(आकाशवाणीवरून झालेलें भाषण)

वजन कमी कसें करावें, या विषयावर आपण आजपर्यंत पुष्कळ भाषणें ऐकलीं असतील. वर्तमानपत्र उघडावें तों तोच विषय. लग्नाच्या पंगतीस बसावें तों तीच चर्चा. त्यामुळें "माझें वजन वाढत नाहीं हो," असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा हंसून म्हणतो, "भाग्यवान आहां! आमच्यांतलें थोडें घ्या." हें वाक्य मलाही अनेकांनीं ऐकविलें आहे. ज्याचें अंग दिवसेंदिवस झिजत चाललें आहे, त्याला या विनोदांत सामील होणें किती जड जातें, तें त्याचें तोच जाणें. म्हणून आज मीं उलट बाजूचा विषय घेतला आहे. ज्याला वजन वाढवावयाचें आहे, आणि तें आरोग्य राखून वाढवावयाचें आहे, त्यानें महिनोन्‌महिने धीर कसा धरावा?

प्रथमच सांगून टाकतों कीं, मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेंत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मी एक निवृत्त मास्तर आहें. माझें गांव एडवण. पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखानें निघालें, कीं हळूहळू नारळीच्या, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या लागूं लागतात. आशापुरी देवीचें स्थान म्हणून आमचें गांव पंचक्रोशींत सर्वांस ठाऊक आहे. एका अंगास वाड्या, दुसऱ्या अंगास समुद्र. मग खावयास काय कमी, असें आपण विचाराल. खरें आहे. माझ्या घरीं अन्नाची वाण नव्हती. वाण होती ती खाण्याच्या इच्छेची, आणि ही दुसरी वाण पहिलीपेक्षां कांहीं कमी फसवी नाहीं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षीं मला खोकला लागला. दुपार उलटली कीं अंगांत कसकस, रात्रीं घाम. हवा बदलल्याचा खोकला आहे, असें स्वतःस समजावीत मीं दोन महिने काढले. अखेर सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासली, तेव्हां क्षय ठरला. औषध सरकारांतून फुकट मिळतें. तें त्याच दिवशीं सुरू झालें. औषधाची मात्रा वजनावरून ठरत असल्यामुळें मला कांट्यावर उभें केलें, तों आंकडा आला ४३ किलो. माझी उंची १६५ सेंटिमीटर. वजनाच्या किलोंस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो, तो प्रौढ माणसांत १८.५ च्या खालीं असूं नये असें मानतात. माझ्या उंचीस याचा अर्थ किमान ५० किलो. माझा भागाकार १६ च्याही आंत आला. दुसऱ्यांचीं गणितें तपासण्यांत जन्म गेला. हें स्वतःचें गणित मात्र पुन्हा पुन्हा करूनही उत्तर तेंच येत होतें.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गोळ्यांचें काम गोळ्या करतील. ताटाचें काम तुम्हांलाच करावें लागेल."

हें ताटाचें काम केवढ्या मोलाचें आहे, तें मला पुढें वाचनांतून समजलें. झारखंड राज्यांत २८०० क्षयरोग्यांना औषधाबरोबर दरमहा शिधा देऊन एक मोठा अभ्यास करण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०२३ सालीं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्या शिध्यांतून रोग्यास रोज सुमारें १२०० उष्मांक व ५२ ग्रॅम प्रथिनें मिळत. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन शेंकडा ५ नें वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका शेंकडा ६१ नें कमी आढळला. ४३ किलोच्या शेंकडा ५ म्हणजे दोन किलो आणि वर दीडशें ग्रॅम. एवढ्याशा वजनावर माणसाचें जगणें-मरणें लोंबकळत असतें, हें मनांत आणा.

असें असूनही, श्रोतेहो, मला जेववेना. पहिल्या दिवशीं मोठा निश्चय केला, चार पोळ्या खाल्ल्या. पोट फुगून रात्रभर तळमळलों. दुसऱ्या दिवशीं तीन, तिसऱ्या दिवशीं दोन. पांचव्या दिवशीं पुन्हा ताट तसेंच सरकवूं लागलों. पत्नीवर चिडलों, स्वतःवर चिडलों. "उद्यांपासून नेमानें अभ्यास करीन," असें दर सोमवारीं सांगणारे विद्यार्थी मीं कमी पाहिले नव्हते. त्यांना मीं आळशी म्हणत असें. आतां मीच त्यांच्या बांकावर येऊन बसलों होतों. पहिल्या महिन्याच्या अखेरीस वजन वाढलें तें अवघें ३०० ग्रॅम.

या निरुत्साहाचें मूळ कोठें आहे, तें मला एका जुन्या प्रयोगाच्या हकीकतीवरून उमगलें. दुसरें महायुद्ध चालू असतां युरोपांत लक्षावधि लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा कसें पोसावें, हें शोधण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे निम्म्या आहारावर ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांश घटलें. परंतु घटलें तें केवळ वजन नव्हे. तींच माणसें उदास, चिडखोर व सुस्त झालीं. मित्र नकोसे झाले, वाचन सुटलें, कशांतच मन रमेना. आणि पुन्हा पुरेसें अन्न मिळूं लागल्यावरही त्यांचा उत्साह लगेच परतला नाहीं. शरीर भरत गेलें, तसतसा तो मागाहून सावकाश आला.

हें वाचल्यावर माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. जी मरगळ मी स्वभावाचा दोष समजत होतों, ती उपाशी शरीराचें एक लक्षण होती. मग "उत्साह आला म्हणजे जेवेन," असें म्हणणें म्हणजे "पोहतां आलें म्हणजे पाण्यांत उतरेन," असें म्हणण्यासारखेंच नव्हे काय? कृश माणसानें उत्साहाची वाट पाहूं नये. तो वजनाच्या मागून येणारा पाहुणा आहे. तो येईपर्यंत घर चालवावयाचें तें नेमाच्या, गणिताच्या आणि सोबतीच्या आधारावर. या तिन्हींविषयीं आतां क्रमानें सांगतों.

पहिला आधार नेमाचा. भूक लागली म्हणजे जेवावें, हा नियम धडधाकट माणसाचा. माझी भूक तर रजेवर गेलेली. म्हणून मीं शाळेचें वेळापत्रक घरीं आणलें. दिवसाचे सहा तास पाडले. सकाळीं सातला दूध व अंडें, दहाला नाचणीची आंबील किंवा तूप घातलेली पेज, साडेबाराला जेवण, चारला केळें आणि शेंगदाणे, साडेसातला रात्रीचें जेवण, साडेनऊला पुन्हा कपभर दूध. वेळ झाली कीं पत्नी पितळेच्या ताटलीवर उलथणें वाजवी आणि म्हणे, "अहो, तास झाला!" शाळेंत घंटा झाल्यावर मुलांना वर्गांत यावेंसें वाटतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं, मुलें येतात. तसाच मीही पानावर येऊन बसूं लागलों. एका वेळीं थोडेंच खावयाचें असल्यामुळें पोटास भार होईना. जेवणापूर्वीं चहा किंवा तांब्याभर पाणी पिऊन पोट भरून टाकण्याची माझी जुनी खोड होती, ती मात्र कटाक्षानें मोडली.

दुसरा आधार गणिताचा. एक किलो चरबी अंगावर साठण्यास सुमारें ७७०० उष्मांक लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. रोजच्या गरजेहून ३०० ते ५०० उष्मांक अधिक पोटांत गेले, तर महिन्याकांठीं एक ते दोन किलो वाढ व्हावी. हे उष्मांक आणावयाचे कोठून? मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारें १७०. एका मध्यम केळ्यांत १००. एका अंड्यांत ७०. चहाच्या चमचाभर तुपांत ४५. बेरीज करून पाहा, ३८५ होते. याला राजाचा खजिना लागत नाहीं. आमच्याकडे भाजींत ओलें खोबरें पडतेंच. तें जरा सढळ हातानें घातलें. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हां उन्हाळ्यांत भरून ठेविलेले सुके बोंबील व सुकट कामास आली; सुक्या मासळींत प्रथिनें भरपूर. मीठही मात्र भरपूर असतें. म्हणून ती नीट धुऊन घ्यावी, आणि रक्तदाब असणाऱ्यानें बेतानेंच खावी. प्रथिनांविषयीं आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२० सालचा दाखला असा आहे कीं, निरोगी प्रौढास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें असावीं; आजारांतून उठणाऱ्यास याहून अधिक लागतात. वरणभातावर थोडें दहीं, उसळ किंवा मासळी पडली कीं हें साधतें.

तिसरा आधार सोबतीचा, आणि मला वाटतें तोच सर्वांत मोठा. शाळेंत दुपारचें जेवण सुरू झालें, तेव्हांपासून मीं एक गोष्ट वर्षानुवर्षें पाहिली होती. घरीं आईला रडकुंडीस आणणारीं मुलें शाळेच्या पंगतींत मुकाट्यानें खिचडी संपवीत. शेजारचा जेवतो, म्हणून हाही जेवतो. ही पंगत मला माझ्यासाठीं शोधावयाची होती.

ती अचानक मिळाली. शेजारच्या वाडींतला एक तरुण, माझाच जुना विद्यार्थी, पोलीस भरतीची तयारी करीत होता. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. भरतीस पुरुष उमेदवाराची छाती न फुगवितां ७९ सेंटिमीटर असावी लागते, आणि फुगवून ती आणखी ५ नें वाढावी लागते. हा तीन सेंटिमीटरांनीं कमी पडत होता. एके दिवशीं तो ओट्यावर येऊन बसला; हातांत वजन वाढविण्याच्या चूर्णाचा डबा. किंमत दीड हजार रुपये, आणि डबा पंधरा दिवसांत संपावयाचा. आम्ही दोघांनीं डब्यावरील घटकांची यादी वाचली. निम्म्याहून अधिक भाग साखरेच्या जातीचा निघाला. मीं विचारलें, "अरे, या दीड हजारांत शेंगदाणे, अंडीं आणि केळीं किती येतील? मांड त्रैराशिक." त्यानें मांडलें आणि ओशाळून हंसला. मग म्हणाला, "पण मास्तर, मला एकट्याला रोज रोज नाहीं जमत." मीं म्हटलें, "मलाही नाहीं जमत. दोघे मिळून पाहूं."

माझी थुंकी तोंवर निर्दोष ठरली होती आणि डॉक्टरांनीं माणसांत बसण्यास परवानगी दिली होती. त्या दिवसापासून चार वाजतांचा 'तास' आम्ही उघड्या ओट्यावर एकत्र घेऊं लागलों. तो जोर-बैठका व सूर्यनमस्कार काढून येई. मी चालून येत असें आणि डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें खुर्चीवरून दहा वेळां उठबस करीत असें. हा व्यायाम टाळूं नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, तो उगाच नव्हे. नुसतें खाऊन वाढलेलें वजन पोटावर बसतें; श्रमाची जोड दिली तर तें दंडांत आणि मांड्यांत उतरतें. माझ्या वयांत तर हें फारच अगत्याचें, कारण म्हातारा माणूस पडतो तो बहुधा मांड्यांतलें बळ गेल्यामुळें.

आतां कांट्याविषयीं. प्रारंभीं मी रोज सकाळीं वजन करीत असें, आणि रोजच्या रोज खचत असें. पोटांतल्या पाण्यानें किंवा अन्नानें कांटा दिवसांत किलोभर इकडेतिकडे होतो, हें मी लक्षांत घेत नव्हतों. मला शहाणपण शिकविलें आमच्या अंगणवाडीच्या सेविकाबाईंनीं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली, तेव्हांपासून हजारों अंगणवाड्यांत लहानग्यांचीं वजनें करून तीं तक्त्यावर मांडण्याचें काम चालत आलें आहे. बाई म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही एका ठिपक्याकडे पाहत नाहीं. रेघ कुठं चाललीय, तें पाहतों." घरीं येऊन मीं चौकटीच्या कागदावर तक्ता आंखला. दर रविवारीं सकाळीं, अनशापोटीं, त्याच कांट्यावर, तशाच कपड्यांत वजन करावयाचें आणि ठिपका द्यावयाचा. एक रेघ माझी, एक त्या मुलाची.

ही रेघ सरळ चढली असें समजूं नका. चौथ्या महिन्यांत पावसाळी ताप आला आणि ७०० ग्रॅम वजन उतरलें. माझें मन लगेच म्हणालें, "सगळें फुकट गेलें." तक्ता पुढें धरला, तेव्हां दिसलें कीं घसरण एका बोटाची आहे आणि चढण चार बोटांची. मुलाच्या रेघेनें तर सलग पांच आठवडे जागा सोडली नाहीं. तो डबा पुन्हा विकत घेण्याच्या गोष्टी बोलूं लागला. एका मित्रानें त्याला झटपट वजन चढविणाऱ्या गोळ्याही सुचविल्या. त्या मीं निक्षून बंद करविल्या. अशा गोळ्यांत पुष्कळदां स्टिरॉइड असतें. त्यानें चेहरा सुजून भरल्यासारखा दिसतो आणि आंतून हाडें ठिसूळ होतात. सूज म्हणजे पुष्टि नव्हे. आम्ही गणित पुन्हा मांडलें. त्याचा व्यायाम वाढला होता, पण ताट वाढलें नव्हतें. रात्रीच्या जेवणांत एक भाकरी आणि एक अंडें वाढविलें, आणि रेघ पुन्हा हलली.

सहा महिन्यांनीं औषध संपलें तेव्हां माझें वजन ४८ किलो होतें. वर्षानें ५२ झालें. आणि मजा अशी कीं, ४६ किलोच्या आसपास कोठेंतरी एका सकाळीं पत्नीनें ताटली वाजविण्यापूर्वींच मी पानावर जाऊन बसलों होतों. तिनें उलथणें खालीं ठेविलें आणि कांहीं न बोलतां वाढूं लागली. ज्याची वाट पाहणें मीं सोडलें होतें, तो पाहुणा असा न सांगतां घरीं आला. मुलगा यंदा मापांत बसला. पुढची परीक्षा त्याची त्यानें द्यावयाची आहे.

दोन सूचना येथें दिल्याच पाहिजेत. कारण न समजतां वजन घटत असेल, तर खाणें वाढविण्यापूर्वीं तपासणी करून घ्या. क्षय, मधुमेह, कंठग्रंथीचा विकार किंवा याहून गंभीर कांहीं त्यामागें असूं शकतें. आणि जो माणूस फारच खंगला आहे किंवा कित्येक दिवस उपाशी राहिला आहे, त्याला एकदम पोटभर खाऊं घालूं नका. त्यापासून जिवास धोका होतो. त्याचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू वाढवावा लागतो.

एक शेवटची गोष्ट. धीर धरा, नेम पाळा, हें सांगणें ज्याच्या घरीं डबे भरलेले आहेत त्यालाच शोभतें. आमच्या पालघर जिल्ह्यांतच, समुद्रापासून दूर डोंगराळ भागांत, जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता, त्या काळीं, १९९२ सालीं, जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. तेथील मातेस निश्चयाचा उपदेश करणें हा उद्धटपणा होईल. तिला अन्न पाहिजे. २०१५ सालीं सुरू झालेल्या अमृत आहार योजनेंत आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना दिवसांतून एक वेळ चौरस जेवण देण्याची तरतूद झाली, ती याच जाणिवेंतून. क्षयरोग्यांना पोषणासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, तें साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यांत आलें. २०२२ सालीं सुरू झालेल्या 'नि-क्षय मित्र' उपक्रमांत कोणाही सुखवस्तु कुटुंबास एखाद्या रोग्याच्या शिध्याचा भार उचलतां येतो.

शहरांतील श्रोत्यांस माझी एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं धुण्याभांड्यास येणारी बाई, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा, वसतिगृहांतला भाचा, यांच्यापैकीं कोणाच्या गळ्याचीं हाडें वर आलेलीं दिसलीं, तर "भाग्यवान आहां" असें म्हणूं नका. त्यांना आपल्या पंगतीस बसवा, आणि शेजारीं आपणही बसा. एकट्याच्या ताटांतला घांस जड असतो. दोघांच्या पंगतींत तोच हलका होतो.